पावसाळ्यातला पहिला लोहगड: बारा जणांना नेऊन बारा जणांना परत आणायचं कसं

लोणावळ्यात वर्षाला ४,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि तिथून ६५ किलोमीटरवरच्या पुण्यात ७०० च्या आसपास. शिवाजीनगरला कोरड्या कपड्यांत लोकलमध्ये चढलेला माणूस मळवलीला उतरतो तो थेट दुसऱ्याच ऋतूत. पहिल्यांदा गट घेऊन निघणाऱ्याची पहिली चूक इथेच होते. सकाळी खिडकीतून बाहेर बघायचं, 'आज उघडीप आहे' म्हणायचं आणि निघायचं.

दोन-चार ट्रेक दुसऱ्याच्या मागे चालून केलेत आणि आता ऑफिसातल्या किंवा सोसायटीतल्या दहा-बारा जणांना स्वतः न्यायचंय, अशांसाठी हे लिहिते आहे. उदाहरण लोहगडाचं. मळवली स्टेशनवरून चालत जाता येतं, वाट मळलेली आहे, वर पायऱ्या आहेत, पायथ्याला वस्ती आहे. आणि मुख्य म्हणजे मध्ये गायमुख खिंड आहे. तिथून परत फिरलं तरी दिवस वाया गेला असं कोणाला वाटत नाही. नवख्या लीडरला अशी जागा असलेलीच वाट निवडावी.

आधी घरी बसून ठरवा

डोंगरावर निर्णय घेता येत नाहीत, हे मला बऱ्याच उशिरा कळलं. बारा जण पहाटे उठून आलेले असतात, कोणी सुट्टी टाकलेली असते, कोणी नवे बूट घेतलेले असतात. अशा वेळी 'परत फिरू या' म्हणायला जीभ उचलत नाही. म्हणून परत फिरायचे नियम कोरड्या कपड्यांत, चहा पीत, दोन दिवस आधी ठरवायचे आणि ग्रुपवर टाकायचे. डोंगरात मग तुम्ही काही ठरवत नाही, ठरलेलं फक्त वाचून दाखवता.

पहिला नियम हवामानाचा. हवामान विभागाचा इशारा बघताना 'पुणे' शहराचा बघू नका, पुण्याच्या घाट भागासाठी वेगळा दिलेला असतो तो बघा. रेड असेल तर ट्रेक रद्द. ऑरेंज असेल आणि गटात निम्मे नवखे असतील तरीही रद्द. यलो असेल तर निघायचं, पण खिंडीत पुन्हा विचार करायचा. आकड्यांत सांगायचं तर २४ तासांत ६४.५ मिलिमीटरच्या पुढे मुसळधार, ११५.६ च्या पुढे अति मुसळधार आणि २०४.४ च्या पुढे अत्यंत मुसळधार. अतिवृष्टीच्या दिवसांत जिल्हा प्रशासन किल्ले आणि धबधब्यांवर बंदीचे आदेश काढतं, तेही आदल्या रात्री तपासा. बंदी असताना आडवाटेने वर गेलेला गट अडकला, तर त्याला काढायला दुसऱ्या कोणाला तरी त्याच पावसात जावं लागतं.

दुसरा नियम वेळेचा. नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक साधा हिशेब मांडला होता. सपाटीवर तासाला ५ किलोमीटर, आणि दर ६०० मीटर चढाईला एक तास जादा. त्या हिशेबाने मळवली ते लोहगडाचा माथा दोन-सव्वादोन तासांत व्हायला हवा. पण त्या हिशेबात चिखल नाही, बुटाची नाडी नाही, भजी नाहीत. बारा नवख्यांना पावसात दीडपट वेळ धरा, म्हणजे साडेतीन तास. आठला मळवली सोडली तर खिंडीत साडेदहापर्यंत पोचायला हवं. साडेअकरा झाले आणि अजून खिंड आली नाही, तर गड सोडायचा, भाजे लेणी बघून परतायचं. गडावर कुठेही असलात तरी दुपारी दोनला उतरायला सुरुवात. जुलैत सूर्य सातनंतर मावळतो हे खरं, पण धुकं उतरल्यावर झाडीतली वाट साडेसहालाच अंधारते.

तिसरा नियम: सर्वांत पुढे कोण आणि सर्वांत मागे कोण. त्याचं पुढे येईलच.

कुठल्या महिन्यात कुठली भीती

'पावसाळा' हा एकच ऋतू समजून चालत नाही. आपल्याकडच्या नक्षत्रांचा हिशेब इथे उपयोगी पडतो. मृगाच्या आधीचा वळीव आणि मृगाच्या पहिल्या सरी गडगडाटासह येतात, तेव्हा भीती विजेची. आषाढ-श्रावणात विजा कमी होतात, पण धुकं, वारा आणि सलग रिपरिप. तेव्हा भीती वाट चुकण्याची आणि गारठ्याची. सप्टेंबरअखेर हस्त लागला की सकाळ स्वच्छ, ऊन कडक, गवतावर सोनकी फुललेली, आणि दुपारी तीनला काळं आभाळ. हत्तीचा पाऊस तो. अनेक नवखे गट 'पाऊस संपला' म्हणून नेमके याच दिवसांत रेनकोट घरी ठेवून येतात.

रविवार टाळता आला तर टाळा. जुलै २०२५ मध्ये लोहगडासह बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. आधीच असलेली गर्दी त्याने कमी होण्याचं काही कारण नाही. अरुंद पायऱ्यांवर चढणारे आणि उतरणारे समोरासमोर आले की धड पुढे नाही, धड मागे नाही, आणि तुमचं वेळापत्रक तिथेच संपतं.

सॅकमध्ये काय

जीन्स नको. ही एक गोष्ट मी ग्रुपवर तीनदा लिहिते आणि तरी एकजण घालून येतोच. सुती कपडा पाणी धरून ठेवतो, जड होतो, मांड्या सोलतो आणि वाऱ्यात अंगातली ऊब खेचून घेतो. ट्रॅक पँट आणि पटकन वाळणारा टी-शर्ट पुरे. मावळातले म्हातारे गुराखी अजून घोंगडी पांघरतात, त्यामागे शहाणपण आहे: लोकर भिजली तरी ऊब देते. तुमच्याकडे घोंगडी नसेल, पण एक जुना स्वेटर प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून सॅकच्या तळाशी ठेवा. तो चढताना घालून भिजवायचा नाही. तो परतीचा आहे.

रेनकोट की पोंचो, यावर ट्रेकर मंडळी तासन्‌तास भांडू शकतात. माझं मत असं: झाडीत पोंचो उत्तम, सॅकही झाकली जाते. उघड्या माचीवर मात्र तोच पोंचो शिडासारखा फुगतो, आणि पायऱ्या उतरताना पायाखालची पायरी दिसू देत नाही. लोहगडासाठी जाकीट-पँटवाला रेनकोट किंवा चांगलं विंडचीटर बरं. छत्री भाजे गावापर्यंत.

बुटांवर खर्च करायचा तर तळव्यावर करा. महागडे पण गुळगुळीत झालेले स्पोर्ट्स शूज ओल्या कातळावर साबणासारखे सरकतात. खोल खाचांचा रबरी तळवा असला की साधे बूटही चालतात. नवे बूट असतील तर आधी आठवडाभर घरात आणि बाजारात घाला. सँडल, क्रॉक्स, गमबूट यांना घरी ठेवा.

बाकीचं भराभर सांगते. प्रत्येकी दोन लिटर पाणी. पावसात तहान लागत नाही, पण घाम येतोच, आणि पिंडऱ्यांत गोळे येतात ते उतरताना. ओआरएसची पाकिटं. बॅटरी, म्हणजे डोक्याला लावायची नाहीतर हातातली, पण मोबाइलची नव्हे. मोबाइल झिपच्या पिशवीत. प्रत्येकाच्या गळ्यात शिट्टी. खायला जे एका हाताने, उभ्याने, पावसात खाता येईल ते: पोळीचे रोल, थेपले, गूळ-शेंगदाणे, चिक्की, खजूर. डब्यातली उसळ कितीही चांगली असली तरी पावसात उघडून बसायला जागा मिळत नाही. गटात मिळून एक प्रथमोपचाराची पिशवी, दोन क्रेप बँडेज, आणि एक मोठा जाड प्लॅस्टिकचा कागद. जखमी किंवा गारठलेल्या माणसाला बसवून वरून पांघरायला तो लागतो. शंभरदा नेला तर एखाददाच उघडावा लागतो.

मळवली ते खिंड

लोकल पुण्याकडून आली तर कामशेतनंतर मळवली. मुंबईकरांनी लोणावळ्याला उतरून पुण्याकडे जाणारी लोकल धरायची. ही लोकल मुंबईतल्यासारखी पाच-पाच मिनिटांनी येत नाही, त्यामुळे परतीच्या दोन गाड्यांच्या वेळा सकाळीच कागदावर लिहून खिशात ठेवा.

स्टेशनबाहेर गोल करून उभे राहा. इथे पाच मिनिटं घालवलीत की पुढे तास वाचतो. प्रत्येकाला नंबर द्या: एक ते बारा. दिवसभरात जेव्हा जेव्हा थांबाल तेव्हा प्रत्येकाने आपला नंबर मोठ्याने म्हणायचा. मोठ्या माणसांना हे शाळेच्या सहलीसारखं वाटतं, हसतात. हसू द्या. एकदा मी नुसती डोकी मोजली आणि बारा भरली, कारण दुसऱ्याच गटातला एक मुलगा आमच्यात येऊन उभा होता. आमची एक मैत्रीण मागे वळणावर नाडी बांधत बसली होती. दहा मिनिटांत सापडली, पण त्या दहा मिनिटांत मला काय काय दिसलं ते इथे लिहीत नाही.

ज्यांना दम लागतो, गुडघा दुखतो, ज्यांच्याकडे दम्याचा पंप आहे, त्यांनी आत्ताच सांगायचं. सगळ्यांसमोर नको, लीडरला बाजूला घेऊन. मधुमेह असलेल्याने गोळी-बिस्किटं कुठल्या कप्प्यात आहेत ते शेजाऱ्याला दाखवून ठेवायचं.

सर्वांत मागे चालणाऱ्याला आमच्यात 'स्वीप' म्हणतात. तुमच्या गटातला सर्वांत अनुभवी माणूस तिथे हवा, पुढे नव्हे. पुढे वाट ठाऊक असलेला कोणीही चालतो. मागे मात्र दमलेल्या माणसाशी गप्पा मारत, घाई न दाखवता चालवत आणणारा लागतो. स्वीपच्या मागे कोणीही राहायचं नाही, फोटोसाठीही नाही. आणि सर्वांत सावकाश चालणारा माणूस पुढून दुसऱ्या नंबरला ठेवा. मागे असला की तो सतत धापा टाकत गटाला गाठतो, आणि तो पोचला की विश्रांती घेऊन ताजे झालेले बाकीचे उठून चालू लागतात. त्याला विश्रांती मिळतच नाही. दुसऱ्या नंबरला असला की गटाची चाल आपोआप त्याच्या चालीवर येते.

एक्स्प्रेसवेवरचा पूल ओलांडून भाजे गाव येतं. स्वच्छतागृहाची सोय इथेच विचारून घ्या. बायकांना पुढे दिवसभर अवघडायला होतं, म्हणून त्या पाणी कमी पितात, आणि मग चक्कर येते. लीडर पुरुष असेल तर त्याने हे स्वतःहून जाहीर करावं, कोणी विचारायची वाट बघू नये. पुढची सोय लोहगडवाडीत, खाणावळीवाल्यांकडे. जेवण तिथेच सांगितलंत तर तेही मार्ग काढून देतात.

गावापासून वाट चढू लागते. पहिली वीस मिनिटं मुद्दाम हळू. गप्पा मारता येतील इतपतच चाल ठेवा. दोन फाटे फुटले की पुढच्याने थांबायचं, मागचा दिसेपर्यंत हलायचं नाही. ढोरवाटा पावसाळ्यात खऱ्या वाटेइतक्याच ठळक होतात आणि कारवीत जाऊन विरतात.

पाणी

वाटेत ओहोळ लागतात. घोट्याइतकं पाणी असेल तर बुटांसकट सरळ चालत जा. दगडांवरून उड्या मारून बूट कोरडे ठेवायच्या नादात जितके घोटे मुरगळलेले मी पाहिलेत, तितके सबंध गड उतरताना पाहिले नाहीत. गुडघ्याच्या वर पाणी असेल तर ओलांडायचं नाही. थांबायचं. सह्याद्रीतले ओढे जितक्या झपाट्याने चढतात तितक्याच झपाट्याने उतरतात. तास-दीड तास बसलात तर बहुतेक वेळा मार्ग मोकळा होतो.

तुमच्या डोक्यावर पाऊस नसला तरी वर डोंगरात असू शकतो. पाणी एकदम गढूळ झालं, पानं-काटक्या वाहून येऊ लागल्या, आवाजाचा सूर बदलला, की लगेच काठ सोडून वर चढा. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. पाणी वाढत गेलं आणि ती माणसं प्रवाहाच्या मधोमध एकमेकांना धरून उभी होती. म्हणून माझ्या गटात धबधब्याखाली जाणं नाही. भाज्याचा धबधबा लांबून बघायचा. यावर रुसवे होतात, होऊ देते.

खिंडीत

गायमुख खिंडीत उजवीकडे लोहगड, डावीकडे विसापूर किल्ला. इथे सगळ्यांना बसवा, खायला काढा, नंबर म्हणा. मग घड्याळ, आभाळ आणि माणसं, याच क्रमाने बघा.

घड्याळाचं ठरलेलंच आहे. आभाळात मेघगर्जना ऐकू येते का? वीज चमकल्यापासून आवाजापर्यंत सेकंद मोजा, दर तीन सेकंदांना एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे, गडावर जायचं नाही. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं 'दामिनी' ॲप फोनवर ठेवा, पण खिंडीत नेटवर्क नसलं तर कान आहेतच.

माणसांचं सर्वांत अवघड. 'कोणाला त्रास होतोय का?' असं विचारलंत तर बाराही जण नाही म्हणतील. विचारू नका, बघा. कोण बोलायचं बंद झालंय, कोणाच्या हाताला चिक्कीचा कागद फाडता येत नाही, कोण विनाकारण चिडलंय. भिजलेल्या माणसाला वारा लागला की पंचवीस अंशांतही अंग थंड पडू शकतं. थरथर, बोबडी, अडखळणं ही त्याची चिन्हं. असा माणूस वर न्यायचा नाही. आडोशाला घ्या, ओले कपडे काढून पिशवीतला स्वेटर घाला, डोकं झाका, गोड आणि गरम काहीतरी द्या. दारू अजिबात नको, तिने ऊब आल्यासारखी वाटते आणि उरलीसुरली निघून जाते. एकजण खाली जाणार असेल तर त्याच्यासोबत दोघं जातात. एकट्याला कधीही पाठवायचं नाही.

'एवढे आलोच आहोत तर विसापूरही करू' असं कोणीतरी म्हणेलच. उंची १,०८४ मीटर, लोहगडाहून जेमतेम पन्नास मीटर जास्त, समोर तर दिसतोय. पहिल्या वेळी नाही म्हणा. विसापूरच्या पायऱ्यांवरून पावसाळ्यात पाणी वाहतं, आणि वर एवढं मोठं उघडं पठार आहे की धुक्यात दिशाच उरत नाही. आम्ही एकदा तिथे तटबंदी शोधत दोन तास हिंडलो आणि एकाच पाण्याच्या टाक्यापाशी तीनदा येऊन पोचलो. तिसऱ्यांदा कोणी हसलं नाही.

गडावर, आणि उतरताना

लोहगडवाडीपासून पायऱ्या सुरू होतात आणि गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा असे चार दरवाजे ओलांडत आपण वर येतो. स्वच्छ असेल तर पवनेचं पाणी, तुंग, तिकोना. धुकं असेल तर आपलीच बोटं. माथ्यावर नाना फडणवीसांच्या काळातली बाव आहे, तिच्या काठावर शेवाळ असतं, वाकून बघू नये.

विंचूकाट्यावर जायचं का? लांबलचक, चिंचोळी माची, वरून विंचवाच्या नांगीसारखी दिसते. सुंदर आहे, मोह होतो. पण तिच्याकडे उतरताना कातळाचा एक निसरडा टप्पा आहे आणि माचीवर वाऱ्याला अडवणारं काही नाही. जोराचा वारा किंवा दाट धुकं असेल तर काठावरून नमस्कार करायचा. १,०३३ मीटर उंचीवर गारवा खालच्यापेक्षा दोन-तीन अंशच जास्त असतो, वारा मात्र बदलून टाकतो सगळं.

वर असताना गडगडाट सुरू झालाच तर बुरूज, कड्याचा काठ, एकटं झाड आणि लोखंडी कठडे सोडा. लगेच उतरायला लागा. उतरणं शक्यच नसेल तर एकमेकांपासून अंतर ठेवून, पाय जुळवून उकिडवे बसा. एकमेकांना बिलगायचं नाही, वीज पडली तर बाराही जणांना लागते.

धुक्यात वाट हरवली तर पळापळ नको. सगळे एकत्र थांबा, धुकं हललं की पाच-दहा मिनिटांत फट पडते. एखादा गटातून सुटला तर त्याने आहे तिथेच राहून शिट्टी वाजवायची: मिनिटात सहा वेळा, मग एक मिनिट शांत, पुन्हा सहा. ऐकणाऱ्याने तीन वाजवून उत्तर द्यायचं. हे सकाळी मळवलीलाच सगळ्यांना करून दाखवा.

बहुतेक माणसं पडतात ती उतरताना, आणि तीही अवघड जागी नाही, सोप्या जागी, बोलता बोलता. काळाभोर स्वच्छ कातळ ओला असला तरी पाय धरतो. हिरवट चकाकणारा धरत नाही. झिजलेल्या पायरीच्या मधोमध पाय न ठेवता कडेला ठेवा, पावलं लहान, गुडघे सैल, आणि दोघांत तीन पायऱ्यांचं अंतर, म्हणजे एक घसरला तरी पुढच्याला घेऊन जात नाही. बूड टेकून उतरायला लाज नाही. मी अजून उतरते.

कोणाचा पाय मोडल्यासारखा वाटला तर उचलून पळत सुटू नका. हलवू नका, प्लॅस्टिकखाली घ्या, ११२ ला फोन करा, आणि दोघांना लोहगडवाडीत पाठवा. लोणावळ्यात शिवदुर्ग मित्र ही बचावकार्य करणारी मंडळी आहेत, त्यांचा आणि राज्याच्या गिर्यारोहण बचाव समन्वय केंद्राचा क्रमांक आदल्या दिवशीच शोधून दोघा-तिघांच्या फोनमध्ये आणि एका कागदावर ठेवा. सांगताना 'लोहगडावर' एवढंच सांगू नका, कुठल्या दरवाजापाशी, कितवी पायरी, जखमी शुद्धीवर आहे का, गटात किती जण, हे सांगा.

खाली लोहगडवाडीत पिठलं-भाकरी खाऊन, शेवटची लोकल नव्हे तर तिच्या आधीची धरायची. फलाटावर पुन्हा नंबर म्हणा, एक ते बारा, आणि घरच्या ज्या माणसाकडे सकाळी वेळापत्रक देऊन ठेवलं होतं त्याला 'सगळे मळवलीला' असा मेसेज टाका. घरी गेल्यावर बुटांतला चिखल धुवून आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि दर दोन तासांनी बदला. पंख्याखाली ठेवा, गॅसजवळ नको, तळवा सुटतो.